चहाचे दोन ठोके

ठकू – परत छोटी झाली, बाबा?

बाबा – झाली.

ठकू – किती?

बाबा – बोटभर. बघ ना. तिकडची कड नीट बसते आणि इकडून वारा आत येईल.

ठकू – ही तिसरी काच.

बाबा – मोजता येतं मला. म्हणजे यायचं. चौतीस वर्षं हेच करतोय. लोकांचे आजी-आजोबा, पदव्या, बक्षिसं, एकाची तर मेलेली मांजर, सगळ्यांना काचेआड बसवलं. आणि घरातल्या माणसाचा एक फोटो बसवायचा तर हात असा वागतो.

ठकू – द्या, मी पट्टी धरते. तुम्ही काचेवर नुसता कापायचा हिरा फिरवा.

बाबा – राहू दे. आज नाही व्हायचं. त्या स्टुलावर बस, पण आधी पूस. भुसा आहे.

ठकू – दोन महिने झाले. आईचा फोटो अजून पाकिटातच आहे.

बाबा – पाकिटात बरी आहे. काचेआड गेली की मग गेलीच.

ठकू – असं नका ना बोलू. ... हे काय? खिळ्यांच्या डब्यात हे काय ठेवलंय?

बाबा – तेच. तुझी बोंडं.

ठकू – इअरबड्स कोणी खिळ्यांत ठेवतं का? डबीवर केवढे ओरखडे पडलेत!

बाबा – पडू देत. जाताना घेऊन जा. तूच आणलेली.

ठकू – वाढदिवसाला दिलेली वस्तू परत करतात?

बाबा – मग तूच फेक. माझ्याच्याने होत नाही. दोनदा कचऱ्याच्या बादलीपर्यंत नेली आणि परत आणली.

ठकू – म्हणून हल्ली फोन केला की ‘हं’, ‘बरं’, ‘ठेवतो’?

बाबा – फोन हातात धरून पट्ट्या कापता येत नाहीत.

ठकू – आधी तरी कुठे येत होत्या? अकरा वर्षं मी घराबाहेर आहे. फोन केला की तुमचं एकच वाक्य, ‘थांब, आईला देतो.’ ही डबी आली तेव्हा कुठे मला कळलं, माझे वडील बोलतात! चांगले तासतासभर बोलतात, लोकांच्या नकला करतात!

बाबा – हात रिकामे असले की मला काही सुचत नाही. कामात असले की सुचतं.

ठकू – तेच म्हणतेय मी.

बाबा – होते, गुण होते. मी कुठे नाही म्हणतोय? हात पट्टीवर आणि कान तुझ्याकडे. दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त काढून तू चालत घरी निघायचीस. तुझ्या चपलांचा आवाज यायचा मला. जिना चढायला लागलीस की तुला दम लागलेला कळायचा. एवढी जवळ तू इथे राहत होतीस तेव्हाही नव्हतीस.

ठकू – मग?

बाबा – मग काय? एक बोंड चिकटवायच्या कढत सरसाच्या डब्यात पडलं, ते काढताना बोटं भाजली. एकदा भुशात हरवलं, तर तुझ्या आईने अख्खा भुसा चाळणीने चाळला. आणि ती शाळेतली बाई आठवते? लग्नाचा फोटो घेऊन आलेली?

ठकू – कोण?

बाबा – अगं, मी तुझ्याशी तुझ्या त्या घरमालकाबद्दल बोलत होतो. ‘असल्या माणसाबरोबर एक दिवस राहू नकोस,’ म्हणालो. समोर ही बाई, हातात नवऱ्याचा फोटो.

ठकू – हो हो! मग ती निघूनच गेली होती ना?

बाबा – दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन आली. म्हणे, ‘आता यांच्या तोंडावर सांगा, काय वाईट दिसलं ते.’

ठकू – आई किती हसली होती.

बाबा – हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आणि मग म्हणाली, ‘तुम्ही बापलेक कानातल्या कानात बोलता, मी आपली भिंतीशी बोलते.’ मी म्हटलं, घे, यातलं एक तू घाल. तर म्हणे, ‘मला समोर बसलेलं माणूस लागतं. तुमचं बोंड नको.’

ठकू – मला कधी बोलली नाही.

बाबा – तुला कशी बोलेल? तू दिलेल्या वस्तूला ती नाव ठेवायची नाही. फक्त मला वर बोलवायला स्वयंपाकघरातला पाइप पळीने वाजवायची, तो जरा जोरात बडवायला लागली.

ठकू – हं.

बाबा – लहानपणी तू पाच ठोके द्यायचीस. आठवतं? दोन म्हणजे चहा, तीन म्हणजे जेवण, आणि पाच म्हणजे ठकू शाळेतून आली. पळीला पोचे पाडलेस तू.

ठकू – आणि तुम्ही इथून ओरडायचात, ‘आलो गं!’ आणि उगवायचात अर्ध्या तासाने.

बाबा – दहा मिनिटांनी.

ठकू – अर्ध्या तासाने, बाबा. चहावर साय धरलेली असायची.

बाबा – बरं, अर्ध्या. पण तिचं त्या ‘आलो गं’वरच भागायचं. मी गेलो नाही तरी चालायचं. ओ द्यायला हवी, एवढंच. एवढं पट्ट्या कापायचं मशीन घरघरायचं, तरी त्या पाइपचा आवाज कधी चुकला नाही माझा. इथे माझ्या कोपऱ्यातूनच तर जातो तो खाली.

ठकू – चला ना वर, बाबा. इथे उकडतंय.

बाबा – ठकू, त्या दिवशी वाजवला असेल का गं तिने?

ठकू – मी ... पाणी आणते तुम्हाला.

बाबा – पाणी नको. मला रोज हेच येतं मनात. शेगडीवर दुधाचं पातेलं जळून कोळसा झालेलं. ओट्यावर दोन कप, दोन्हींवर बश्या झाकलेल्या. म्हणजे चहा झाला होता. झाला होता म्हणजे वाजवला असेल. मी ओ दिली नाही. म्हणून ती जिना उतरायला लागली आणि पडली. चौदा पायऱ्या, आणि ते असले गुडघे.

ठकू – पुरे ना.

बाबा – हे झालं एक. हे मी कसंही सोसेन. पण दुसरं म्हणजे, वाजवलाच नसेल तर? तिला वाटलं असेल, कशाला वाजवू, हा काय ऐकतोय, कानात बोंडं घालून बसलाय. माझी आशाच सोडली असेल तिने आणि उठून निघाली असेल. तसं असेल तर मला सोसवणार नाही, ठकू. इतकी वर्षं ज्या बाईला ओ दिली, तिने मला हाकही मारू नये?

ठकू – चूक माझी आहे. बाहेरचा आवाज बंद करायची ती सोय मीच चालू करून दिली होती.

बाबा – कानाच्या डॉक्टरने सांगितलं म्हणून केलीस. मशीनपायी माझे कान चालले होते. तू चांगल्यासाठीच केलंस. तुझा यात कणभर दोष नाही, पहिल्या दिवसापासून सांगतोय मी.

ठकू – नका सांगू.

बाबा – का?

ठकू – तुम्ही ते म्हणता ना, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

बाबा – अगं, रडतेस काय? मी काय बोललो?

ठकू – वाजवला होता.

बाबा – काय?

ठकू – पाइप. आईने वाजवला होता. दोन ठोके. मी ऐकले.

बाबा – तू कशी ऐकशील? तू तिकडे होतीस, कामावर.

ठकू – फोनवर. तुमच्या कानात बाहेरचं काही येत नव्हतं. पण त्या बोंडांना माइक असतो, बाबा. मशीनची घरघर अगदी बारीक येत होती आणि तिच्या वर तो आवाज. मी तो झोपेतसुद्धा ओळखेन.

बाबा – मग?

ठकू – मग काही नाही.

बाबा – काही नाही म्हणजे?

ठकू – मी बोलले नाही. तुम्ही ती काचेची गोष्ट सांगत होतात. आई तिचं टायपिंगचं सर्टिफिकेट फ्रेम करायला आली, आणि तुम्ही मुद्दाम काच बोटभर छोटी कापलीत, तिने परत यावं म्हणून. तीनदा. तिसऱ्यांदा ती म्हणाली, ‘तुम्हाला काच कापता येत नाही की मला घरी पाठवता येत नाही?’ आणि तुम्ही असे हसत होतात! तुम्हाला तसं हसताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. मला वाटलं, चहाच तर आहे. मी सांगितलं की तुम्ही ‘ठेवतो’ म्हणाल. थांबेल चहा पाच मिनिटं.

बाबा – किती वाजले होते?

ठकू – चार वाजून दहा, समोरच घड्याळ होतं. फोन ठेवला चार पस्तीसला. मोबाइलमध्ये अजून आहे. मी रोज बघते.

बाबा – पंचवीस मिनिटं.

ठकू – हो.

बाबा – मी तिचीच गोष्ट सांगत बसलो होतो. आणि ती वरून मला बोलवत होती.

ठकू – बाबा, ओरडा माझ्यावर. काहीतरी बोला.

बाबा – त्या वेळी गप्प बसलीस, ते समजलं. चहा रोजचाच. मीही बसलो असतो. पण नंतर? डॉक्टरांपुढे मी म्हणालो, माझ्यामुळे गेली. तुझ्या मामापुढे म्हणालो. तुझ्या मावशीने त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. तू तिथेच उभी होतीस, ठकू.

ठकू – हो.

बाबा – माझ्या पाठीवरून हात फिरवत होतीस.

ठकू – मी भ्याले. रोज ठरवायचे, आज सांगते. आणि फोनवर तुम्ही ‘हं’ म्हणायचात. आई तर गेली. हे कळल्यावर तुम्हीही माझ्याशी बोलणं टाकलं असतं तर मी कुणाकडे बघायचं?

बाबा – ते मी तसंही टाकलंच होतं.

ठकू – तेव्हा मला वाटायचं, कळलंय तुम्हाला. कळलंय आणि तुम्ही मला शिक्षा देताय.

बाबा – तुला कसली शिक्षा देऊ? मला तुझा आवाज सोसत नव्हता. तू ‘हॅलो, बाबा’ म्हणालीस की ती दुपार परत सुरू व्हायची.

ठकू – मी जाते. संध्याकाळची गाडी मिळेल. मावशीला मी स्वतः फोन करून सांगेन, सगळं सांगेन.

बाबा – बस.

ठकू – मला नाही बसवत इथे.

बाबा – बस म्हणतो ना. कसे होते?

ठकू – काय?

बाबा – ठोके. जोरात होते? रागातले?

ठकू – नाही. साधेच. पहिला हलका होता. मग जरा थांबली. मग दुसरा.

बाबा – थांबली?

ठकू – हो. मला वाटलं एवढाच. मग दुसरा आला.

बाबा – ती तशीच वाजवायची. पहिला दिला की कान द्यायची, मी काही बोलतोय का. मग दुसरा. म्हणजे रोजच्यासारखाच.

ठकू – अगदी रोजच्यासारखा.

बाबा – म्हणजे तिला वाटलं होतं, हा ओ देईल.

ठकू – हो, बाबा. वाटलं होतं.

बाबा – वर जा.

ठकू – बॅग आणू?

बाबा – बॅग कशाला? पळी ओट्याच्या वर खिळ्याला आहे. दोन महिने हात नाही लावला मी तिला. ती घे आणि वाजव. जसं ऐकलंस तसं.

ठकू – नाही. नाही हं, बाबा, हे मला सांगू नका. माझ्याने नाही होणार.

बाबा – माझ्या बायकोची शेवटची हाक तुझ्याकडे आहे. इतके दिवस तू ती ठेवून घेतलीस. आता माझी मला दे.

ठकू – बाबा...

बाबा – मी मशीन चालू करतो. तेव्हा चालू होतं ना? मग आताही हवं.

ठकू – मशीनच्या आवाजात ऐकू येईल तुम्हाला?

बाबा – इतकी वर्षं येत होतं. ती डबी खिळ्यांत टाक परत. आणि जिन्यात कठडा धर, सातवी पायरी हलते.

(खाली मशीनची घरघर. बऱ्याच वेळाने वरून पाइपवर एक हलका ठोका. थोडं थांबून दुसरा.)

बाबा – आलो गं.