शरूची मांडणी आणि काळा वजीर

हं, मंडळी, टाळ जरा खाली ठेवा, एक विचारतो. साधन सोपं मिळालं, की माणूस सुधारतो की सोकावतो? बोला! — गप्प! चहाचं विचारलं असतं, तर सगळे एका सुरात बोलले असते!

ऐका तर. सांगलीत एक मुलगी होती, शर्वाणी. बुद्धिबळ खेळायची. जिल्ह्याच्या संघात जायचा एकच ध्यास! आणि वयाच्या अटीमुळे यंदाची संधी शेवटची. तर ही काय करायची? पुस्तकातल्या चाली घोकायची. समोरच्यानं भलतीच चाल केली, की हिला रडू!

तिचे मामा, बापूसाहेब, जुने खेळाडू. वैतागले! "शरू, पुरे ती घोकंपट्टी! पांढऱ्या सोंगट्या आल्या, की समोरचा काहीही खेळो, एकच मांडणी धरायची. वजिराचं प्यादं पुढे. मग उंट बाहेर. मग राजाचं प्यादं. आधी उंट, मग प्यादं! आधीच दार लावलंस, तर उंट आत कोंडून बसेल!"

पोरीनं काय करावं? आधी दारच लावलं! मामांनी कपाळाला हात लावला. पण शिकली हो! मांडणी हातात बसली, भराभर जिंकायला लागली.

आली निवडीची शेवटची फेरी. बरोबरी झाली तरी संघात जागा! सोंगट्या पांढऱ्या, बाईसाहेब निवांत. हात मांडणी लावतोय — आणि नजर कुठे? शेजारच्या पटावर! इकडे काळा वजीर कडेनं आला, प्याद्यावर टपला. ढळढळीत दिसत होता हो! हिनं मांडणीतली पुढची चाल केली. वजिरानं प्यादं खाल्लं. हिनं त्याच्या पुढची केली. त्यानं हत्ती खाल्ला!

डाव गेला. जागा गेली. रडत म्हणते, "मामा, तुम्हीच म्हणालात ना, पाठ करू नको?"

मामा म्हणाले, "अगं बाई, पाठ करू नको म्हणालो. बघू नको म्हणालो का?"

हसताय? हसा! तुम्हाला संतांनी एवढं सोपं नाम दिलं. पाठ करायला काही नाही! कशासाठी? डोळे मोकळे राहावेत, आजूबाजूचं माणूस दिसावं म्हणून! आणि तुम्ही? तोंडानं विठ्ठल, नजर दाराशी काढलेल्या चपलांवर!

ते बघा, त्या खांबापाशी सोनूबाई मघापासून उभ्या आहेत. गुडघे धरलेत त्यांचे. एवढ्या टाळ्या वाजवल्यात — एकानं तरी त्यांना बसायला जागा दिली? उठा आधी! मग म्हणू विठ्ठल.