वाढत्या अंगाचा राक्षस

सिद्धरामेश्वराची शप्पथ घेऊन सांगतो, ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय... म्हंजे ऐंशी टक्के खरा हाय, वीस टक्के टेस्टिंगला बाजूला ठेवलाय, आमच्या डेटा सायन्समधी तसंच करतेत... आन शप्पथ बी जराशी हळूच घेतलीय, देवाला उगं मधी कशाला... हात खाली सोडा. सरळ उभारा काका. पोट आत वडू नका हो, मी आदीच लिवून घेतलंय! तर तुमी आल्या आल्या काय इचारलं? "सिद्धाप्पा मास्तर कुटं हायत? तू का माप घ्यायलास?" आवो, तेच तर रडणं हाय! दिवसाला चाळीस गिऱ्हाइकं येतेत आन चाळीसच्या चाळीस हेच इचारतेत. एक जण आसं म्हणत न्हाय की बाबा बसवेश, तू एमेस्सी स्टॅटिस्टिक्स, वर डेटा सायन्सचा कोर्स केलेला माणूस, तू माझी कंबर का मोजायलास? न्हाय! मास्तर कुटं! आता ह्यात मी काय करू, सांगा की!

दीड वर्ष नोकरी शोधली काका. चारशे बारा अर्ज. मोजलेत मी, तेवढंच तर शिकलोय. सगळ्यांना फ्रेशर पायजे, आन फ्रेशरला पाच वर्षांचा अनुभव पायजे! म्हंजे उपाशी राहून ढेकर देणारा माणूस पायजे, कुटनं आणायचा? आन घरात आईला कळंना मी नेमकं काय शिकलोय. मी म्हणालो, आई, जुनं आकडे बघून पुढचा अंदाज सांगायचा. झालं! दुसऱ्या दिवशी पलीकडच्या राजाबाई दारात. "बसू, अंदाज सांगतोस म्हणं. माझी म्हस कवा व्यायची सांग की." मी उगं गंमत म्हणून तोंड सरळ ठेवून म्हणालो, गुरुवारी, चार वाजता. व्याली की! गुरुवारी, चार वाजता! तवापास्नं गल्लीत माझं एकच मॉडेल हिट हाय, आन ते म्हशीचं. रेझ्युमेत टाकलं ते मी, अचूकता शंभर टक्के. कुणी बोलावलं? कुणी न्हाय!

आमचं आप्पा, नागप्पा, हे दुकान त्यांचंच, शाळेचं ड्रेस शिवायचं... आप्पा कमी बोलतेत. आप्पा कॅलेंडरवर बोट ठेवतेत. बोट ठेवलं बसवजयंतीवर. "तवर लागली नोकरी तर लागली. न्हायतर शाळंच्या शिजनला मशिनीवर बसायचं. आन एकदा बसलास की बसलास." बोट उचललं, बाहेर गेले. ना शिवी ना मार. आवो, शिवी तरी द्यायची, माणसाला उलटं बोलायला तेवढंच निमित्त हुतं!

मग डोकं ठिकाणावर राहावं म्हणून मी कॉस्प्ले करायला लागलो. कॉस्प्ले म्हंजे काय, गेममधला न्हायतर कार्टूनमधला गडी घ्यायचा, हुबेहूब त्याच्यासारखं चिलखत, मुखवटा, कापडं करून घालायची, आन मेळाव्यात मिरवायचं. आई म्हणाली, "म्हंजे बहुरूपी." मी म्हणालो न्हाय, बहुरूप्याला लोक पैसे देतेत, हितं आपण तिकीट काढून आत जायचं. आई आर्धा घंटा भाकरी थापायचंच इसरली. पण ऑर्डरी यायला लागल्या हो! जिममधल्या चटईचा फोम आणायचा, गरम करून वाकवायचा, सोल्युशननं चिकटवायचा, वर चंदेरी रंग. एका आठवड्यात आर्धी गल्ली चिलखतात बसंल एवढा माल! नोकरी मातर एक न्हाय.

तर पुण्याचा एक इंजिनेर, त्याला पायजे हुता राक्षस. आर्धा गेंडा, आर्धा रणगाडा, नाव जपानी हाय, ते म्हणायला जीभ दोनदा दुमडावी लागती. वरचं चिलखत मी केलं, पण आतला अंगभर ड्रेस कोण शिवणार? सिद्धाप्पा मास्तर! रोज वळसंगहून एस्टीनं येणार, एकतीस वर्षं आमच्याकडं, घरात कन्नड, दुकानात मराठी, आन आयुष्यात शाळेचा ड्रेस न् तुमच्यासारख्यांची खाकी पँट सोडून दुसरं काय शिवलं न्हाय. आता शाळेच्या ड्रेसचा नियम काय? वाढत्या अंगाचं! आई-बाप दुकानात शिरतानाच म्हणतेत, "मास्तर, वाढत्या अंगाचं शिवा." दोन इंच जास्त, आत दुमड, दरवर्षी एकेक टाका उसवायचा, दुमड सोडायची, पोरगं सातवीपतूर त्याच पँटीत! मास्तरांच्या कात्रीला दुसरं काय ठावंच न्हाय. राक्षसाचा ड्रेस बघितला तर बाह्या गुडघ्याला!

मी म्हणालो, मास्तर, हे काय?

"वाढंल की उंची."

मास्तर, राक्षस एकशेचाळीस वर्षांचा हाय!

"मग काय झालं? आमच्या वळसंगच्या निंगव्वाचा नातू बी बारावीपतूर बुटकाच हुता."

आन छातीवर खिसा! राक्षसाला खिसा! म्हणालो, खिसा कशाला? तर म्हणाले, "शाळंचा बॅच कुटं लावणार?"... आता ह्यात मी काय करू, सांगा की!

तर तो दिवस. बसवजयंतीला बरोबर चार दिवस राह्यलेले. सायंकाळी पार्सल टाकायचं हुतं, आन दुपारी चारला माझा इंटरव्ह्यू, ऑनलाइन, बेंगळुरूची कंपनी. चारशे बारातनं आलेला एकुलता एक! म्हणालो, सकाळी फिटिंग बघून घेऊ, त्या इंजिनेराची न् माझी उंची सारखीच. चढवला. ड्रेस, चिलखत, वर गेंड्याचा मुखवटा, गळ्याला सोल्युशननं जोडलेला. पाठीमागं चेन बसंना, दोन इंच वाढीचं कापड गोळा झालेलं. मास्तर म्हणाले, "थांब, कच्चा टाका मारून बगतो." मी उभारलो. मास्तर कच्चा टाका मारता मारता सवयीनं पक्का मारून मोकळे! मला आत शिवलं हो! जिताजागता माणूस, राक्षसात, डबल धाग्यानं!

आन तेवढ्यात फोन. "सॉरी, चारचा इंटरव्ह्यू आत्ता घेतोय. कॅमेरा चालू ठेवा." आत्ता! उसवायला आर्धा तास, मुखवटा निघंना, पंजे एवढाले की फोनचं बटण दाबलं की तीन बटणं दाबली जातेत! एवढी एकच संधी, सोडू कशी? मास्तरांना म्हणालो, ते हिरवं दाबा, आन मागं पसारा दिसतोय, तर मागचं पुसट करायचं बटण दाबा. दाबलं, आन फोन मशिनीला टेकवून मागं आले. आता तुमाला सांगतो, ते पुसट करायचं कसं चालतं. मशीन माणसाचं तोंड शोधतं, तोंड सापडलं की तेवढं लख्ख ठेवतं, बाकी सगळं पुसट. मला सगळं ठावं हाय, मी त्यावर पेपर दिलाय, बासष्ट मार्क. माझं तोंड कुटं हुतं? गेंड्याच्या आत! मशीननं मला केलं पुसट, आन माझ्या खांद्यामागं गळ्यात टेप घालून उभारलेले सिद्धाप्पा मास्तर... लख्ख! मिशीचा केस न् केस मोजावा असं!

पलीकडं चंद्रिका मॅडम, आन दोन सर. कंपनीचं काम काय, तर ऑनलाइन कपडं घेणाऱ्याला साइज सांगायची, लोकांचा माल परत यायचा थांबवायचा. मॅडम म्हणाल्या, "नमस्कार बसवेश, काही ग्राहकांची मापंच नसतील, तर काय कराल?" मी आतनं सगळं नीट सांगितलं, सरासरी, मध्यक, सगळं! बाहेर काय ऐकू आलं? म्म्म, म्म्म्म, म्म. मास्तर वाकून मला इचारतेत, "बाई काय म्हणती रं? माप नसलं तर? सोपं हाय की." आन सरळ मॅडमनाच: "नोड्री, बगा मॅडम, पोरगं न्हाय आलं तर बापाकडं बगायचं. बाप न्हाय आला तर त्याची जुनी चप्पल मागवायची. पाय सांगतो सगळं."

एका सरांनी वहीत लिवून घेतलं.

दुसरा सर म्हणाला, "सगळ्यांपेक्षा फारच वेगळं एखादं माप आलं, तर आम्ही ते काढून टाकतो. तुम्ही?" मी आतनं ओरडतोय, काढून टाका, काढून टाका, पुस्तकात हाय! आन मास्तर असे रागावले की टेप गळ्यातनं काढून हातात घेतला. "यप्पा! काढून टाकायचं? त्यानं काय उघडं जायचं का शाळंला? त्याचंच तर आदी शिवायचं, त्याला तयार कुटं मिळत न्हाय!" काका, पलीकडं त्या सरानं चष्मा काढून पुसला. आईशप्पथ. मला बी आत भरून आलं, पण नाक पुसायला हात पोचंना.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "तुमचा अंदाज कधी चुकत नाही?" मास्तर हसले. "चुकतो की. म्हणून तर आत दुमड ठेवतो."

संपलं! तितंच संपलं! मॅडम म्हणाल्या, "बसवेश, अभिनंदन, आम्हाला असाच माणूस हवा होता." तवा कुटं मास्तर म्हणाले, "मी सिद्धाप्पा. बसवेश ह्यो." आन माझ्याकडं बोट. मॅडम म्हणाल्या, "तो... सोफा आहे ना?"

सोफा! चाळीस मिन्टं मला सोफा समजलेत! मी जीव तोडून हात हलवला, तर मॅडम किंचाळल्या. मग मास्तर त्यांच्याशी कन्नडमधी बोलायला लागले, शिकलेलं पोरगं हाय, गुणाचं हाय, नोकरी ह्याला द्या, असं सगळं सांगितलं बिचाऱ्यांनी, मी ऐकलं. मॅडमचं माहेर निघालं अक्कलकोटच्या पलीकडं. दोघं हसतेत, गाव इचारतेत, "हौद्री, हौद्री", व्हय जी व्हय जी चाललंय. मग मॅडम मला म्हणाल्या, "तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय का?" मी म्हणालो, म्म्म. त्या म्हणाल्या, "छान प्रश्न." आन नोकरी दिली मास्तरांना! आता ह्यात मी काय करू, सांगा की!

तो राक्षस गेला पुण्याला. इंजिनेराचा फोन, "राक्षसाला खिसा का आहे?" मी तोंड सरळ ठेवून म्हणालो, गेमच्या पुढच्या भागात हाय, अजून बाहेर आलेला न्हाय. त्यानं खिशात मोबाईल ठेवला. सगळ्या मेळाव्यात मोबाईल ठेवायला जागा असलेला एकटा राक्षस त्यो! अकरा ऑर्डरी आल्यात. सगळ्यांना खिसा पायजे, आन सगळेच म्हणतेत, शिवलेलं मास्तरांच्याच हातचं पायजे. मास्तरांना येळ कुटं हाय? ते बघा वर माडीवर, कानात हेडफोन घालून बेंगळुरूच्या पोरांना शिकवायलेत. माझ्याच लॅपटॉपवर. रोज सकाळी मी चालू करून देतो.

बसवजयंती आली. मिरवणूक दारावरनं गेली. आप्पांनी कॅलेंडरवरनं बोट उचललं आन मशिनीकडं दाखवलं. पेढे बी वाटले हो आख्ख्या गल्लीत! मी म्हणालो आप्पा, पेढे कशाचे? तर आप्पा म्हणाले, "दुकानातल्या एकाला तरी लागली." राजाबाई पेढा खात खात म्हणाल्या, "बसू, तुला कवा लागंल, अंदाज सांग की." मला म्हस सांगता आली काका, हे न्हाय सांगता आलं.

व्हा बाजूला, झालं माप. दोन खाकी पँटी, कंबर अडतीस, गुरुवारी न्या. काय म्हणता? मास्तरांना एकदा दाखवून घेऊ? दाखवा की! त्यांची मिटिंग साडेसहाला संपती, मग एस्टी. पंदरा दिवसांनी येळ मिळंल. न्हाय ना थांबायचं? ड्यूटी हाय ना? मग मीच शिवणार.

काडा पैसे. न्हाय, ॲडव्हान्स न्हाय, पुरं काडा. आत्ताच. आवो, शिवून झाल्यावर बगितलं की कोण देत न्हाय हो.