दाराबाहेरचे बूट

सगळ्यांना जय भीम. सुट्टीचा दिवस मोडून तुम्ही आलात. मला उभं राहून बोलायची सवय नाही. तरी बोलते.

योनास आपल्यातला नव्हता. एरिट्रियाचा. इथल्या, डार्मश्टाटच्या वाचनालयात एकाच टेबलावर आम्ही दोघं जर्मन शिकलो. तुमचं ऐकून तोही मला काकू म्हणायचा. आमचे हे आजारी होते, तेव्हा जिन्यावरून ह्यांना तोच उचलून न्यायचा.

युरोपातल्या देशांनी मिळून एक नियम केलाय. आसरा मागणाऱ्याने बोटांचे ठसे जिथे आधी दिले, तिथेच त्याने जायचं. शब्दकोश घेऊन मी तो नियम वाचला. त्याला विचारलं, "यात माणूस कुठे आहे रे?" म्हणाला, "काकू, बोटं आहेत ना."

त्या पहिल्या देशात तो रस्त्यावर झोपला होता. परत पाठवू नका, म्हणून त्याने कोर्टात अर्ज केला. उत्तर येईपर्यंत पोलिसांच्या हाती लागू नये, म्हणून मी त्याला घरी ठेवलं. बूट तो दाराबाहेर काढायचा. मीच शिकवलं होतं.

जिन्यात मला कोणीतरी विचारलं, "अहो काकू, काकांना जाऊन वर्ष नाही झालं, आणि दारात पुरुषाचे बूट?"

मी म्हटलं, "थंडीचे आहेत. तुमच्या बोलण्यापेक्षा उबदार."

त्याच आठवड्यात पोलिस आले. शेजाऱ्यांनी कळवलं, असं तेच म्हणाले. उन्हाळा होता. योनास सँडलवर गेला, त्याच पहिल्या देशात परत. हिवाळ्यात तिकडे, तंबूत, गारठून मेला. बूट माझ्या दारात होते.

कोणी कळवलं? आमच्या जिन्यात मराठी घरं दोनच आहेत, त्यातलं एक माझं. नाव मी घेणार नाही. नाव घेतलं की बाकीचे तुम्ही सुटाल. ते बुटांचं बोलणं ऐकलं तर सगळ्यांनीच होतं. हसलाही होतात.

धम्म मैत्री शिकवतो. मी वाचलंय. आज ती माझ्याकडे नाही, आणि असल्याचं सोंग मी करणार नाही. ते बूट मी जिवंत आहे तोवर दाराबाहेरच राहतील. जिना चढताना रोज दिसतील.

आज तेवढे इथे आणलेत. बाहेर, तुमच्या बुटांमध्येच ठेवलेत.

आता उभे राहा. योनाससाठी थोडा वेळ शांत राहू या. मग आपापले बूट घालून घरी जा. शेवटी एक जोड उरेल. त्या दुसऱ्या घराने तेवढं थांबावं. तो जोड उचलावा, आणि माझ्या दारापर्यंत आणून ठेवावा.