नऊ दहाचं विमान

तुम्ही विमान चुकल्याच्या गोष्टी सांगताय, तर माझ्या आप्पांचं माझ्यामुळे कसं चुकलं ते ऐका. पायलट म्हणून म्हैसूरला माझी पहिलीच फ्लाइट होती. शिलाईचं दुकान बंद ठेवून आप्पा विमानतळाच्या कुंपणापाशी येणार होते. महिनाभर मी त्यांना फोनवर हवामानाचा रिपोर्ट वाचायला शिकवला होता. वारा कुठून येतो, किती लांबचं दिसतं, विमान धावपट्टीवर कोणत्या बाजूने उतरेल, सगळं. आदल्या दिवशी मेसेज केला, ‘०९१० ला उतरते.’

उतरले तर कुंपणापाशी कुणीच नाही. मी रागातच फोन लावला. ‘आप्पा, एक दिवस दुकान सोडवलं नाही तुम्हाला?’

‘आलो होतो ग. नऊपासून दोनपर्यंत उभा होतो.’

मग माझ्या लक्षात आलं. आम्ही पायलट सगळ्या वेळा ग्रिनिचच्या लिहितो. माझे नऊ दहा म्हणजे इथले दुपारचे दोन चाळीस. तेवढंच शिकवायचं राहिलं होतं.

‘होगली बिडु, जाऊ दे,’ आप्पा म्हणाले. ‘विमान नाही दिसलं, पण रिपोर्ट बरोबर होता. वारा पश्चिमेचाच होता.’

त्यानंतर मला म्हैसूरची फ्लाइट कधी मिळाली नाही. आप्पा मात्र अजून रोज सकाळी मला तिथला वारा कळवतात.