राहिलेले दोन ‘का’

—नाही मॅडम, तुमच्यावर राग नाही. बसा की, बाक पुसलाय मी. तुमचा खेळ चांगलाच होता. कागदी पेल्यांचा मनोरा रचायला लावलात, मोठे साहेबसुद्धा फरशीवर मांडी घालून बसले — त्यांचे पायमोजे पहिल्यांदाच बघितले आम्ही! मग म्हणालात, आता खरा प्रश्न घेऊ. पत्र्याची भोकं सरकतात, का? उत्तर आलं की परत ‘का’, असं पाच वेळा. इथं कुणी रागावणार नाही — म्हणालात ना? हां. मला वाटलं, इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही, आता विचारतायत तर नीट सांगावं.

मला लिहिता येत नाही, सहीपुरतं येतं. म्हणून कोंडीराम शेजारी बसला — पत्र्याला भोकं पाडायच्या प्रेसवरचा, माझ्याच हाताखाली शिकलेला. मी सांगायचं, त्यानं पिवळ्या चिठ्ठीवर लिहायचं. भोकं का सरकतात? पत्रा तिरका बसतो. तिरका का? एकाच हातानं लावतात. एकाच हातानं का? — आणि मी बोलून गेलो, डावा खांदा धरलाय, हात वर जात नाही. नाव नाही घेतलं हो मी. पण सगळ्या हॉलनं कोंडीरामकडं पाहिलं. तो लिहीत होता. एक अक्षर गाळलं नाही त्यानं. उठून चिठ्ठी भिंतीवर चिकटवलीसुद्धा.

तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली, तुम्ही टाळ्या वाजवल्या. आम्ही जेवायला गेलो, साहेब प्रेसवर गेले. त्या प्रेसला दोन बटणं — दोन्ही हातांनी दाबली तरच खाली येते, म्हणजे हात आत राहत नाही. डाव्या बटणात लाकडाची पाचर सापडली, बटण दाबलेलंच राहावं म्हणून ठोकलेली. दुसऱ्या दिवशी गेटवर कोंडीरामचं कार्ड चालेना. आज नववा दिवस. आता चौकशी, आणि मग काढूनच टाकणार म्हणतात. रहाटणीला त्याच्या घरी जाऊन आलो मी. दुर्गाबाईनं, त्याच्या बायकोनं, चहा दिला. आणि तो विचारतो, काका, माझं अक्षर लागलं ना सगळ्यांना?

तुम्ही काय लिहिताय — कार्यशाळा कशी वाटली? चांगली वाटली, लिहा. पण तीनच ‘का’ झाले मॅडम. दोन राहिले. खांदा धरलेल्या माणसाला दुसरं काम का नाही दिलं? मागितलं होतं त्यानं. जमत नसेल तर घरी बस, म्हणाला सुपरवायझर. आणि पाचर का? — ती बघितलीत तुम्ही? कड घासलीय तिची, बोटात कुसळ जाऊ नये म्हणून. एका हातानं घासता येतं का कुणाला? नाही येत. मी घासली. घरून आणली डब्यातून, बसवून दिली. हात गेला असता त्याचा? गेला असता. रोज प्रेस खाली यायची आणि मी मान फिरवायचो. असं शिकवलं मी त्याला.

हे लिहा. सोपानरावानं पाचर केली, एवढंच — पेन का मिटलंत? माझं काय व्हायचंय आता, रिटायर व्हायला दोन महिने राहिलेत. अहो, चिठ्ठीवर नाव नसतं हे माहीत आहे मला. मी म्हणतोय ना, घाला... नको? बरं. तुमच्याही पोटाचं आहे. उठा, गाडी आली तुमची. साहेब आतच आहेत, मी तोंडानंच सांगतो. मॅडम, दारात का उभ्या राहिलात? सरक जरा पोरी, दार सोड.