आपोशनाच्या आधी

— ती होय? विहिरीपाशी बसलेली? ती माझीच लेक, रक्षा. — आधी पान फिरवा, शेंडा डाव्या हाताकडे, हां. — आणि हळू बोला. आमची मराठी तुम्हां पुण्याच्या माणसांस जुनी वाटते, पण इथे कान सगळ्यांचे तयार आहेत. तिचं पान बाहेर का? मुरलीशी लग्न केलं म्हणून. मुलगा चांगला, आमच्यातला नव्हे, एवढंच. मठाच्या आराधनेस तिला आतल्या पंक्तीत बसवत नाहीत. हाकलीत नाहीत हो, सगळं वाढतात, पायसमसुद्धा. फक्त तिथे. सकाळी म्हणाली, आप्पा, या वेळेस मला आत न्या, नाहीतर जेवून निघेन ती पुन्हा कुंभकोणास यायची नाही. — तशी हट्टी नाही ती. म्हणूनच भीती वाटते.

उठा आणि घेऊन या, म्हणता? सगळे तेच म्हणतात. वैद्यनाथ — तो पलीकडे, गंध अजून ओलं आहे तो — परवा महामहम तळ्याच्या पायरीवर म्हणाला, व्यासराज, तू ऊठ, मी मागे आहे. शंकरनारायणही म्हणाला, काळ बदलला, कोणीतरी सुरुवात केली पाहिजे. कोणीतरी. मागे उभे राहायला सगळे तयार आहेत, साहेब. पुढली जागा तेवढी मोकळी आहे. मागे गोपालकृष्ण उठला होता, असाच बाहेर बसवलेल्या मुलासाठी, याच पंक्तीत, भर जेवणात. एक उठला की पंगत मोडते, मग कोणी घास घ्यायचा नसतो. तो उभा, आणि आम्ही सगळे पानावरल्या मिठाकडे बघत बसलों. मला वाटलं, वैद्यनाथ काही बोलेल. त्याला वाटलं असेल, मी बोलेन. पुढे गोपालकृष्णाच्या आईच्या श्राद्धास ब्राह्मण मिळेनात, तिरुविसनल्लूरहूनसुद्धा कोणी येईना. भांडलं कोणी नाही हो. प्रत्येकास नेमकं त्याच दिवशी काम निघालं.

मी भित्रा नाही. बँकेत असताना मोठ्या साहेबास तोंडावर बोललों आहें. पण ते समोर, खांबाला टेकून, चंद्रमौली बसलेत — त्यांच्या मुलाशी धाकटीचं, प्रीतीचं, जमत आलंय. अट कसलीच नाही त्यांची. काल नुसतं विचारलं, थोरली येणार ना, बसेल कुठे? हसून विचारलं. आता तुम्हीच सांगा, एकीला आत आणायला उठलों तर दुसरीचं काय करूं? — हे मी कोणास बोललों नाही, बायकोस, कृष्णवेणीसही नाही, ती तर सकाळपासून माझ्याशी बोलतच नाही. तुम्हांस का सांगितलं कळत नाही. उद्या तुम्ही गाडीत बसाल, म्हणून असेल.

बघतेय इकडे. तुम्ही बघू नका. — तळहातावर पाणी घेऊन प्यायलं की मग उठता येत नाही. त्याच्या आधी उठलं तर पंगत मोडत नाही, कोणाचं अन्न वाया जात नाही. एवढं मी विचारून ठेवलंय. तूप वाढायचंय अजून. तूप येऊ द्या, मग उठतों. — वैद्यनाथानं मान हलवली, पाहिलीत? मला हलवली की वाढप्याला? — आलं तूप. — तुम्ही पाहुणे, तुम्ही उठलात तर कोणी काही म्हणायचं नाही... नाही, नाही, बसा, आपलं उगीच म्हटलं. — पाणी आलं. हात पुढे करा. आपोशन घेतल्यावर बोलायचं नसतं आमच्यात.