सवतीच्या लेकीच्या बाळंतपणाला निघताना

आपल्या महिला मंडळाच्या अध्यक्षा लोलो उझोमा, व्यासपीठावर बसलेले फादर एमेनिके, भावकीतली वडीलधारी मंडळी, पुढच्या बाकांवरच्या लेकीसुना, आणि मागे दाराशी उभ्या राहून नुसता सूपाचा वास घेणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, तुम्हा सगळ्यांना या ओयिरिदियाचा नमस्कार.

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. शाळा मी आतून कमी आणि बाहेरूनच जास्त पाहिली, त्यामुळे दोन झाले की दोनशे झाले ते मला कळायचं नाही. लोलोबाई, तुम्ही ते घड्याळ जरा पालथं ठेवा.

तर मी उद्या कॅनडाला चालले! हसा, हसा. आरशापुढे उभी राहिले की मलाही हसूच येतं. बाळ झाल्याचा फोन आला तेव्हा, आनंदाची पावडर मानेला लावायची आपली रीत म्हणून, अख्खा डबा मी दिसेल त्याच्या मानेला चोळला. पाण्याचा टँकर घेऊन आलेला ड्रायव्हर ओरडत होता, "आजी, मी इथला नाही!" म्हटलं, "मान तर आहे ना तुला?" पांढरी मान घेऊन गेला बिचारा.

लेक बाळंत झाली की तिच्या आईनं जावं, बाळंतिणीला शेकावं, बाळाला न्हाऊ घालावं, ही आपली ओमुग्वोची रीत. पण कॅनडातल्या चिन्वेंडूची आई मी नव्हे, हे इथं कुणाला माहीत नाही? तिची आई मगबाफो. माझी सवत. ती थोरली, मी धाकटी. तिची चार पोरं, आणि माझी कूस काही उजवली नाही. एका अंगणात आमच्या दोन चुली. ती म्हणायची, "तुझ्या सूपात मीठ नाही." मी म्हणायचे, "तुझ्या जिभेवर आहे ना, ते घाल." मालक गेले, पोरं उडाली, एक लागोसला, एक कुठं, एक कुठं. भांडायला कारण उरलं नाही, तरी भांडायला माणूस होतं. दोन पावसाळ्यांपूर्वी तेही गेलं. आता कधीकधी मी सूपात मुद्दाम मीठ घालत नाही. आणि ऐकत बसते.

असो. आनंदाच्या दिवशी काय हे.

मगबाफोची सख्खी बहीण, आपल्या न्वाम्माताई, समोर बसल्यात. टाळ्या वाजल्या तेव्हा त्यांचे हात मांडीवरच होते. मी पाहिलं, माझी नजर अजून शाबूत आहे. परवा त्या तोंडावर म्हणाल्या, "जिनं जन्मात पोर न्हाऊ घातलं नाही, तिच्या हातात ओलं पोर द्यायचं? उद्या मोठेपणी त्याच्या अंगाला वास आला तर गाव काय विचारील? याला न्हाऊ कुणी घातलं होतं, हेच ना?" मला राग आला नाही. कसा येईल? माझ्या पोटातली भीतीच त्या मोठ्यानं बोलल्या होत्या.

मी चिन्वेंडूला फोन लावला. म्हटलं, "पोरी, तुझी मावशी आहे, तिला बोलव. माझ्या हातून काही झालं तर?" तर म्हणाली, "धाकटी आई, आईनंच जाताना तुझं नाव सांगून ठेवलंय. म्हणाली, तिलाच बोलव, तिला मी सगळं शिकवलंय."

"मला? कधी?"

"मला काय माहीत? आई एवढंच म्हणाली," असं म्हणून पोर रडायला लागली.

फोन ठेवला आणि तशीच अंगणात बसून राहिले. आठवत होते, आठवत होते. मग आठवलं. मगबाफो अंथरुणाला खिळली तेव्हा मीच तिला अंघोळ घालायचे. दुसरं होतं कोण घरात? आणि तोंड काय सुटायचं तिचं! "मान धर आधी, मान! भोपळा उचलतेस का?" "पाणी कोपरानं बघ. तुझ्या राकट बोटांना काय कळतंय?" "कानामागं चोळ, काखेत चोळ, मानेच्या वळ्यांत चोळ. वास तिथंच राहतो." मी वैतागून म्हणायचे, "तू काय तान्ही आहेस का?" तर म्हणायची, "मी नाही गं, हात तुझे तान्हे आहेत." एकदा म्हणाली, "कापड गरम पाण्यात बुडव आणि पोटावर दाब. जोरात. बाळंतिणीला असंच दाबतात." मी म्हटलं, "दात पडले तुझे, तू कुठली बाळंतीण?" खोकला लागेपर्यंत हसली.

मला वाटायचं, मरतानाही टोमणे मारते. बायांनो, ती मला शिकवत होती. आणि मी तिच्यावर चिडून साबण आपटत होते.

फादर रविवारी म्हणाले, लांबच्या प्रवासाला निघताना माणसानं मनाशी काही ठरवून निघावं. मीही ठरवलंय. पहिल्या अंघोळीला बाळाच्या कानात त्याच्या खऱ्या आजीचं नाव सांगायचं, माझं मागाहून. मला कुणी आजी म्हणालं तर फुगायचं नाही. बरं, थोडंच फुगायचं. आणि नव्या कोनफळांच्या सणाआधी परत यायचं. चिन्वेंडू विचारते, रिकाम्या घरात येऊन करशील काय? आता तिला काय सांगू? दोन चुली आहेत, झाडायला नकोत?

तुम्ही लुगडं दिलंत, सुकी मासळी दिलीत, बाळंतिणीच्या सूपात घालायच्या मसाल्याच्या उदा शेंगा दिल्यात. लोलोबाई, फादर, सगळ्यांची मी ऋणी आहे.

आता शेवटी रीतीप्रमाणे म्हणायचं असतं, चुकलंमाकलं पोटात घाला. ते मी म्हणणार नाही. न्वाम्माताई, तुमच्याकडे बघून बोलते. तिकडे जावई कामावर जाईल, पोर दमून झोपलेली असेल, आणि बाळ नि मी दोघंच असू. मी फोन उभा करून ठेवीन, तुम्हाला सगळं दिसेल. माझा हात चुकला की पोटात घालू नका. ओरडा. नाव घेऊन ओरडा, तुमची बहीण ओरडायची तसं. ती गेल्यापासून मला कुणी ओरडलेलं नाही.